टाळता आला असता

शुक्रवारच्या सकाळच्या सभेला शिकाऊ डॉक्टर आपसात ‘कोर्ट’ म्हणत. अपघात विभागात जे रुग्ण दगावले, त्यांच्याबद्दल तिथे एकेक करून बोलणं होई. काय झालं, कुणी काय ठरवलं, का ठरवलं. आणि शेवटी विभागप्रमुख मॅडम एकच प्रश्न विचारत: हा मृत्यू टाळता आला असता का? उत्तरं तीनच. टाळता आला असता, कदाचित, किंवा नाही. चौथं उत्तर देऊ पाहणारा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

मॅडम या रुग्णालयात आल्या तेव्हा अपघात विभाग म्हणजे चार खाटा आणि एक कुरकुरणारा पंखा होता. शिवाय, बाईमाणूस रक्त बघून कोसळेल म्हणून त्यांना ड्रेसिंगच्या ट्रॉलीपलीकडे फिरकू न देणारे एक थोर सर होते. हे सर पुढे शिडीवरून पडले आणि त्यांची फाटलेली प्लीहा मॅडमनाच काढावी लागली. ‘देवाच्या काठीला आवाज नसतो,’ एवढंच त्या त्यावर म्हणत. चार खाटांचा मजला झाला, अतिदक्षता विभाग झाला. मॅडमचे शोधनिबंध कुठल्या कुठे वाचले जाऊ लागले, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं कुठे कुठे जाऊन फाटलेली पोटं शिवू लागली. लग्न राहून गेलं. बाहेर पडताना छत्री घ्यायची राहून जाते, तसं त्या ते सांगत.

घर म्हणावं तर दादाचं. थोरला भाऊ आणि वहिनी. दादाचं काचेचं दुकान होतं, खिडक्यांची तावदानं नि आरसे कापून द्यायचं. बहिणीला तो ‘शिंपीणबाई’ म्हणे. “आमच्या घरात दोघंही कापाकापीच करतो,” तो गिऱ्हाइकांना सांगे. “फरक एवढाच, माझा माल बोंबलत नाही.” हा विनोद वहिनींनी हजारदा ऐकला होता आणि हजारदा त्या हसल्या होत्या. त्या घरात जेवायला बसलं की मॅडमच्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरत असे.

त्या दादाला एका मोटारीनं स्कूटरसकट उडवलं, आणि शहाण्या लोकांनी त्याला जवळच्या चांगल्या रुग्णालयात, म्हणजे मॅडमच्याच विभागात आणलं. तिथेच तो गेला.

रजा संपवून मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या बरोबरीचे भूलतज्ज्ञ खोलीत येऊन बसले. जुनी मैत्री, त्यामुळे प्रस्तावना नाही.

“दादाचं प्रकरण सभेत आणू नकोस. कुणी काही म्हणणार नाही.”

“कुणी काही म्हणणार नाही म्हणूनच आणायचं,” मॅडम म्हणाल्या. “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्या विभागात चालत नाही.”

हे खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. त्यांना एक प्रश्न रात्रंदिवस कुरतडत होता. दादाच्या पोटात रक्तस्राव होत होता. रक्त चढवलं की त्याचं प्रेशर वर यायचं, पुन्हा घसरायचं. असा रुग्ण थेट ऑपरेशनच्या टेबलावर न्यायचा. सीटी स्कॅनच्या खोलीत न्यायचा नाही, कारण ते चित्र निघेस्तोवर माणूस हातचा जातो. हे मॅडमनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं होतं. आणि त्यांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी, आता त्यांचा सहायक, उद्या त्यांच्या खुर्चीत बसायचा तो, दादाला स्कॅनला घेऊन गेला. त्या खोलीतच दादाचं हृदय थांबलं.

सहायकाला सगळे ‘पंत’ म्हणत, कारण तो शिपायालाही ‘अहो’ म्हणे. पंतांच्या हातून हे झालंच कसं? मॅडमना त्यांचा राग आला होता, आणि तो राग त्यांनी सभेसाठी राखून ठेवला होता. शिवाय वहिनींना त्या म्हणून बसल्या होत्या, “करण्यासारखं सगळं केलं.” खरं-खोटं न तपासता त्यांनी नातेवाइकांना असं कधी सांगितलं नव्हतं. बसून सांगा, पहिल्याच वाक्यात सांगा, खरं सांगा, हा त्यांचाच धडा. वहिनींना खरं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

सभेत पंत उभे राहिले. साठीचा पुरुष, वाहन अपघात, पोटात रक्त. आवाज कोरडा. स्कॅनपाशी येऊन ते थांबले.

“स्कॅनला का नेलंत?” मॅडमनी विचारलं.

“चूक झाली, मॅडम.”

“चूक कुणाची हे या खोलीत विचारत नाहीत. का नेलंत, ते विचारतेय.”

“निर्णय चुकला.”

“पंत, तुम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नाही. प्रेशर पडत होतं, सोनोग्राफीत पोटात रक्त दिसत होतं. टेबल रिकामं होतं. तुमच्या मनात काय आलं, तेवढं सांगा. मग मी गप्प बसते.”

मागच्या रांगेतल्या मुलांनी माना खाली घातल्या. पंतांनी हातातला कागद उगाचच घडी करून खिशात ठेवला.

“तुम्ही सांगितलंत, मॅडम.”

“मी? मी आत नव्हतेच.”

“होतात. दादांचं पाऊल हातात धरून उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, ‘त्याला कापू नकोस रे. आधी नीट बघून घे.’”

मॅडमनी भूलतज्ज्ञांकडे पाहिलं. त्या दिवशी तेही आत होते; आता ते फरशीकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, होय म्हणून.

मॅडमना काही आठवेना. पाऊल आठवत होतं; ते तो गेल्यानंतरचं, असं त्या धरून चालल्या होत्या. टाचेची भेग, आणि अंगठ्याच्या नखात अडकलेला काचेचा बारीक कण, जो काढायला हवा असं वाटलं होतं. पुढचं सगळं कोरं. नातेवाइकांना काही आठवत नाही, म्हणून तेच तीनदा सांगावं, असं त्याच दर वर्षी नव्या मुलांना शिकवत. अंगात पांढरा कोट होता म्हणून त्या दिवशी त्यांना कुणी नातेवाईक समजलं नाही, इतकंच. आणि ते ‘रे’. इतक्या वर्षांत पंतांना त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो शब्द विभागप्रमुखाचा नव्हताच. धाकट्या बहिणीचा होता. म्हणूनच त्यांचा त्यावर ताबडतोब विश्वास बसला.

“मी तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं,” पंत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“हो, म्हणायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी तिथे उभं राहायला नको होतं. आता सांगा. मृत्यू टाळता आला असता का?”

मॅडमची नजर रांगांवरून फिरून पंतांवर आली.

“पंत.”

“टाळता आला असता.”

“पुढचा रुग्ण,” मॅडम म्हणाल्या. पुढचा रुग्ण होता आणि त्याच्याबद्दलही नीट ऐकून घेतलं गेलं.

सभा संपल्यावर भूलतज्ज्ञ त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले. “तू वहिनींना सांगायला चाललीस. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. कशाला? दादा परत येणार आहे का?”

“नातेवाइकांपासून मी कधी काही लपवलं नाही.”

“त्यांना ते नकोय गं. तुला हवंय.”

ते मॅडमना झोंबलं. झोंबलं तरी त्या गेल्या.

वहिनी दुकानातच होत्या. कापायचं त्यांना येत नव्हतं, पण दादानं कापून ठेवलेली तावदानं त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ज्याची त्याला देत होत्या. मॅडम समोरच्या स्टुलावर बसल्या.

“वहिनी, दादा वाचू शकला असता. त्याला लगेच ऑपरेशनला न्यायला हवं होतं. मी मध्ये पडले, आधी स्कॅन करा म्हणाले. त्यात वेळ गेला.”

वहिनींचे हात थांबले. रडतील, ओरडतील, दुकानाबाहेर काढतील, या सगळ्याची मॅडमनी वाटेत तयारी केली होती.  वहिनी हळूच म्हणाल्या, “पण वन्सं, ते तुम्ही माझ्याचसाठी म्हणालात ना?”

“म्हणजे?”

“मी नाही का बाहेर तुमचा हात धरला? म्हटलं, यांना कापू देऊ नका हो. साधा दात काढायचा तर यांना घाम फुटायचा. तुम्ही म्हणालात, बघते. आणि आत गेलात.” बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलत गेला. हातातली तावदानाची कड त्यांनी घट्ट धरली. “म्हणजे मी तसं म्हटलं नसतं, तर...”

मॅडमनी तो कॉरिडॉर आठवून पाहिला. काही नाही. वहिनी म्हणतात तसं झालं असेल. नसेलही. माणूस गेल्यावर घरचे लोक स्वतःचा गुन्हा शोधून काढतात, नसला तर तयार करतात, हेही त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. खरं काय, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. आणि खरं सांगायला म्हणून आलेल्या त्यांनी या बाईच्या पदरात काय टाकलं होतं, ते समोर दिसत होतं.

“वहिनी, तुम्ही असं काही म्हणाला नाहीत.”

“अहो, म्हटलं ना. आठवतंय मला.”

“नाही. मला सगळं लख्ख आठवतंय. तुम्ही बाकावर बसल्या होतात आणि तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझा हात कुणी धरला नाही. मी आपल्या मनानं आत गेले आणि आपल्या मनानं बोलले.”

“खरं?”

“मी कधी खोटं सांगते का?”

वहिनींनी काचेची कड सोडली. तळहातावर लाल रेघ उठली होती, रक्त आलं नव्हतं. त्यांनी हात पदराला पुसला, पुढचं तावदान ओढलं, आणि बराच वेळ त्या कागदाच्या घड्या घालत राहिल्या.

“मग तुमच्यामुळे गेले हे,” त्या वर न बघता म्हणाल्या.

“हो, वहिनी,” मॅडम म्हणाल्या.