अस्वलाची घंटा

शफाने पैजेच्या अटी फळ्यावर लिहिल्या, आणि त्याही इंग्रजीत.

"बाळा, मराठीचा वर्ग आहे. अटी तरी मराठीत लिही," मी म्हटलं.

"नाना, दॅट इज आफ्टर यू विन."

शफा माझी नात, माझ्या माहनूरची मुलगी. दहा वर्षांची आहे. दोह्याजवळ मुऐदरला राहते. दर शनिवारी सकाळी तिची आई तिला बिन महमूदला आमच्या फ्लॅटवर सोडते. तिथे हॉलमध्ये सतरंजी टाकून मी सात मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवतो. सातांपैकी सहा जण मराठीत उत्तर देतात, निदान तशी धडपड करतात. सातवी माझी नात. तिला समजतं सगळं. नानीने स्वयंपाकघरात हळू आवाजात केलेली माझी तक्रारसुद्धा समजते. उत्तर मात्र इंग्रजीत.

माझं इंग्रजी रास लफानच्या गॅस प्लांटमधलं. सव्वीस वर्षं मी तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. त्या इंग्रजीत व्हॉल्व्ह बंद करता येतो, परमिट मागता येतं, शिफ्ट सोपवता येते. नातीशी भांडता येत नाही. लाडही करता येत नाहीत. तिच्याशी दहा वाक्यं बोलायची म्हटली की चौथ्या वाक्याला माझा शब्दांचा साठा संपतो आणि मी "ओके, गुड" म्हणून गप्प बसतो.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. आता लेकीच्या व्हिसावर राहतो, म्हणजे लेकीचं ऐकावं लागतं. मुलांनी ठरवलं की बाबांना फोटोंचा नाद आहे, तर त्यांना एकदा पार उत्तरेला पाठवू या, बर्फात. नॉर्वेच्याही वर काही बेटं आहेत. उन्हाळ्यात तिथे लहान बोटीतून दहा दिवस फिरवतात. हिमनद्या, पक्षी आणि नशीब असेल तर पांढरं अस्वल.

"नशीब असेल तर," हे मी वर्गात सांगायला नको होतं. शफाने ते तिथेच पकडलं.

तिच्या अटी अशा. अस्वल जिवंत हवं. फोटो स्पष्ट हवा. तो नानांनी स्वतः काढलेला हवा. असा फोटो आला तर शफा वर्षभर नानांशी फक्त मराठीत बोलेल. नाही आला तर ती वर्ग सोडेल आणि शनिवारी सकाळी बॅडमिंटनला जाईल. खाली तिने सही केली. माझीही घेतली. वर्गातले तन्वीर आणि नुपूर साक्षीदार झाले.

तन्वीर म्हणाला, "कमालआजोबा, तुम्ही हरणार. तुम्ही मांजरांचे फोटो काढता."

हे खरं होतं. समुद्रकाठच्या कॉर्निशवरची मांजरं, थखिराच्या तिवरांतले रोहित पक्षी, बंदरातली लाकडी गलबतं, एवढाच माझा अनुभव. प्लांटच्या गेटच्या आत कॅमेरा नेता येत नसे. म्हणून आयुष्यभर मी फक्त सुट्टीच्या दिवशी हालणाऱ्या गोष्टींचे फोटो काढले, आणि त्याही फारशा न हालणाऱ्या.

हमिदा, म्हणजे आमची बेगम, बॅग भरताना म्हणाली, "पोरीशी पैज लावताना अस्वलाला विचारलंत का?"

माझ्याबरोबर राजाभाऊ होते. ते पुण्याचे, त्याच प्लांटमध्ये शिफ्ट सुपरवायझर. कंपनीच्या बसमध्ये वीस वर्षं आम्ही एकाच बाकावर झोपलो. त्यांची फोटोग्राफी सगळी मोबाइलवर, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम पाहा, प्रत्येक पानावर नवरा आहे, नवरी आहे आणि ते बोट आहे.

दोह्यात शेहेचाळीस डिग्री असताना निघालो आणि पाच डिग्रीत उतरलो. बोट लहानच होती. बारा प्रवासी, एक कॅप्टन, एक आचारी आणि आमची गाइड, एक उंच नॉर्वेजियन बाई. पहिल्या दिवशी तिने सुरक्षेची माहिती दिली. घंटा वाजली की हातातलं सगळं टाकायचं, लाइफ जॅकेट घालायचं, बोटीच्या मागच्या डेकवर जमायचं. बाकीचे जांभया देत होते. आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत होतो. राजाभाऊंनी तर विचारलं, वारा कुठून येतोय ते कळायला इथे विंडसॉक नाही का? बाईने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं.

शेवटी तिने आणखी एक सांगितलं. अस्वल दिसलं तरीही घंटा वाजवू, पण तेव्हा तीनच ठोके, आणि तेव्हा कॅमेरे घेऊन पुढच्या डेकवर यायचं. हेही आम्ही टिपलं. दोघांनीही. वही अजून माझ्याकडे आहे.

त्या दहा दिवसांबद्दल मुलांना मी पुष्कळ सांगितलं आहे, इथे थोडंच सांगतो. सूर्य मावळतच नव्हता. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ झाली का, हे आभाळाकडे नाही, मोबाइलकडे बघून ठरवावं लागे. हिमनदीचं टोक आमच्या बिन महमूदच्या इमारतीपेक्षा उंच होतं, आणि पांढरं नव्हतं, निळं होतं. खूप दाबलं गेलेलं बर्फ निळं दिसतं. मधूनच त्याचा एखादा मजला तुटून पाण्यात पडे. आधी दिसे, आणि आवाज मागाहून येई. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा राजाभाऊ दचकून म्हणाले, "कमालभाई, कुठली लाइन फुटली?"

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, बोट सावकाश चालली होती. माझा कॅमेरा चहाच्या कपाशेजारी, राजाभाऊंचा मोबाइल पावाच्या टोपलीला टेकवलेला.

घंटा वाजली.

ठोके मोजायचे असतात हे मला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं. पण सव्वीस वर्षांत रास लफानला अलार्म वाजल्यावर कोणी ठोके मोजत बसलेलं मी पाहिलं नाही. आमचे पाय डोक्याला विचारत नाहीत. मी कप ठेवला, कॅमेरा तिथेच ठेवला, उठलो. राजाभाऊ माझ्याआधी उठले होते. पळायचं नाही, भरभर चालायचं, हा नियम. आम्ही भरभर चाललो. केबिनमधून जॅकेटं घेतली, पट्टे आवळले आणि मागच्या डेकवर जाऊन, गॅस गळती झाल्यावर राहतात तसे, वाऱ्याला आडवे उभे राहिलो.

कोणीच नव्हतं.

राजाभाऊंनी सवयीने माणसं मोजली. "कमालभाई, दोघेच? बाकीचे दहा कुठे?"

"आतच अडकले की काय?"

"काय लोक आहेत! शिस्त म्हणून नाही. आपल्याकडे असते ना, तर सगळ्यांची सेफ्टी मीटिंग घेतली असती."

पुढच्या बाजूने कॅमेऱ्यांचा कडकडाट ऐकू येत होता. पत्र्यावर गारा पडाव्या तसा. मी म्हटलं, "राजाभाऊ, तीन ठोके होते का हो?"

त्यांनी जॅकेटचा पट्टा आणखी आवळला. मग म्हणाले, "असतील."

"मग अस्वल आहे."

"असेल."

"मग जायचं का पुढे?"

आता जे ते म्हणाले ते मी मुलांना शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "ऑल क्लिअर झाल्याशिवाय असेंब्ली पॉइंट सोडता येत नाही."

आणि आम्ही सोडला नाही! मी त्यांच्यावर ढकलतो आहे असं वाटेल, पण माझेही पाय तिथून हलले नाहीत. कोणीतरी सांगितल्याशिवाय हलायचं नाही, हे आमच्या हाडात गेलेलं. अशीच पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी आचारी कांद्याची सालं टाकायला मागे आला. नारिंगी जॅकेटं घातलेली दोन म्हातारी माणसं खांद्याला खांदा लावून उभी पाहून तो थबकला. त्याने मोबाइल काढला, आमचा एक फोटो घेतला आणि मगच विचारलं, काय झालं?

आम्ही पुढे पोचलो तेव्हा अस्वल पाण्यात उतरून गेलं होतं. बर्फावर त्याच्या पावलांचे ठसे होते. मी त्यांचे चाळीस फोटो काढले.

उरलेल्या चार दिवसांत अस्वल पुन्हा दिसलं नाही. आमची गोष्ट मात्र सगळ्या बोटीत पसरली. शेवटच्या दिवशी एका जर्मन बाईंना आमची दया आली आणि त्यांनी आपला सगळ्यात चांगला फोटो आम्हा दोघांना पाठवला. काय फोटो होता! अस्वल बर्फावर उभं, मान वळवून थेट आपल्याकडे बघतंय, नाकावर पाण्याचा थेंब.

विमानात राजाभाऊ म्हणाले, "दाखवा की हाच. पोरांना काय कळतंय?"

"स्वतः काढलेला हवा अशी अट आहे."

"कमालभाई, वर्षभर नात मराठी बोलेल. पुण्याचं काम आहे. अस्वलाचं काही नुकसान नाही, जर्मन बाईचं नाही."

त्या विमानात मी तो फोटो किती वेळा उघडून पाहिला, ते मलाच माहीत. दर वेळी वाटे, शफाकडून वर्षभर "नाना, ऐका ना" असं ऐकायला मिळेल. आणि दर वेळी वाटे, ते ऐकताना मला काय वाटेल?

राजाभाऊंनी मात्र उतरताच तो फोटो आपल्या नावाने घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत त्यांच्या बायकोचं, शोभावहिनींचं, उत्तर आलं. "फोटो छान आहे. तुमचं बोट कुठे गेलं?"

शनिवारी वर्ग भरला. मी टीव्हीवर एकेक फोटो दाखवत गेलो. हिमनदी आली तेव्हा नुपूरने विचारलं, "ही नदी आहे तर वाहत का नाही?"

"वाहते. पण दिसत नाही. शफा गृहपाठाला उठते ना, त्या वेगाने."

सगळे हसले. शफा हसली नाही. ती मांडीवर हात ठेवून वाट बघत होती. पक्षी झाले, सील झाले, वॉलरस झाले. मग बर्फावरचे ठसे आले.

"अँड द बेअर?" तिने विचारलं.

जर्मन बाईंचा फोटो त्याच फोल्डरमध्ये होता, पुढच्याच जागी. रिमोट माझ्या हातात होता. मी दोन वेळा बटण दाबलं. अस्वल क्षणभर चमकून गेलं आणि टीव्हीवर आचाऱ्याने काढून नंतर मला पाठवलेला फोटो आला. नारिंगी जॅकेटं, वाऱ्याला आडवे, मी आणि राजाभाऊ.

"मधला फोटो दुसऱ्या बाईंनी काढलाय," मी म्हटलं. "अस्वल आलं तेव्हा मी इथे होतो."

आणि मग सगळं सांगितलं. घंटा, कप, जॅकेट, माणसं मोजणं, ऑल क्लिअर. तन्वीर सतरंजीवर आडवा पडून हसत होता. नुपूरला उचकी लागली. शफाने आधी ओठ दाबून धरले, मग तिलाही आवरेना.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "बट यू लॉस्ट, नाना."

"हरलो."

"सो, बॅडमिंटन."

"बॅडमिंटन," मी म्हटलं. हमिदा दारात उभी होती. तिने काही टोमणा मारला नाही, तेव्हा मला कळलं की माझा चेहरा बरा दिसत नसणार.

मुलं गेली. शफाला न्यायला माहनूर यायची होती. तेवढ्यात हमिदाच्या बहिणीचा, खतिजाचा, दाभोळहून व्हिडिओ कॉल आला. खतिजाला मराठीशिवाय काही येत नाही, आणि मराठीही दाभोळच्या खाडीवरची. हमिदाने तिला माझी फजिती सांगायला सुरुवात केली. पण हमिदाला गोष्ट सांगता येत नाही. ती शेवट आधी सांगते.

"अगो, हे दोघे मागे आणि अस्वल पुढे. मग घंटा झाली."

शफा ताडकन उठली. "नो नानी! यू आर स्पॉइलिंग इट! फर्स्ट द बेल!"

"ही काय म्हणते गो?" खतिजाने विचारलं.

शफाने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीची वायर गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो. इतकी चांगली गोष्ट नानीच्या हातून वाया जाताना तिला बघवेना. तिने फोन ओढून घेतला.

"खतिजानानी, ऐक. आधी घंटा वाजला. तीन वेळा. नाना चहा पिते होते." ती थांबली, शब्द शोधला. "मग नाना उठला. कॅमेरा टेबलवर! आणि पळाला उलटा!"

"अरे माझ्या अल्ला! मग काय झाला?"

"मग अस्वल त्यांच्या मागे आला. इतका मोठा! नाना आणि राजाभाऊआजोबा उभे. हलतच नाही!"

अस्वल मागे आलं नव्हतं. घंटा वाजली, वाजला नाही. मी पळालो नव्हतो, भरभर चाललो होतो. मी तोंड उघडलं. हमिदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

पुढच्या शनिवारी शफा बॅडमिंटनला गेली. शब्द म्हणजे शब्द. वर्गात सतरंजीवर सहा जण होते आणि सातवी जागा कोणी घेतली नाही. अकराच्या सुमारास माझा फोन वाजला.

"नाना, लवकर सांगा. आईच्या फोनवर खतिजानानी आहे. ती विचारते, तो मोठा दाताचा, मिशीवाला, वॉलरस, तो काय खातो?"

"तिसऱ्या," मी म्हटलं. "आपल्या खाडीत मिळतात तशा शिंपल्यांतला मऊ भाग ओढून खातो."

तिकडे काहीतरी बोलणं झालं, हसणं झालं. मग शफा परत आली.

"नाना, ती म्हणते, मग तो आपलाच माणूस आहे. त्याला दाभोळला पाठव."