नवऱ्याला पाय किती?

घराची झडती घ्यायला आलेल्या कॅप्टनने माझ्या लग्नाच्या पेटीचं झाकण उघडलं, वरचा झगा बाजूला सारला, आणि खाली नुसते मोजेच मोजे. चाळीस जोड, जाड लोकरीचे, सगळे पुरुषी मापाचे.

"दहबिया, तुझ्या नवऱ्याला पाय किती गं?" त्याने विचारलं. हा फ्रेंच गडी आमची कबाइली भाषा शिकला होता आणि ती बोलायची एकही संधी सोडत नसे.

मोजे जुर्जुराच्या डोंगरात फ्रेंचांशी लढणाऱ्या आमच्या पोरांसाठी होते. माझा धाकटा भाऊ आक्ली तिथे पायांना चिंध्या बांधून फिरत होता. आम्ही गावातल्या बाया उन्हाळाभर विणत होतो. बर्फ पडायच्या आत मोजे वर पोचले नाहीत तर त्याची बोटं जाणार, एवढंच मला दिसत होतं.

ताऊसमावशी पुढे झाली. "अहो साहेब, रीत आहे आमची! नवरी सासरच्या एकूणएक पुरुषाला मोजे देते. पणज्यांच्या काळापासून चालत आलंय."

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती. मावशीनेही नव्हती. पण कॅप्टनला रीतीभातींचं भारी वेड. त्याने लगेच वही काढली. "लग्न कधी?"

"शुक्रवारी," मावशीने ठोकून दिलं.

"मग मी येणार बघायला."

झालं! मेझियानशी माझं ठरलं होतं खरं, पण वसंतात. निरोप गेला तेव्हा तो ऑलिव्हच्या झाडावर होता. पडता पडता वाचला म्हणे.

शुक्रवारी सासरचे पुरुष रांगेने आले आणि तोंडं अशी गंभीर करून मोजे घेऊ लागले की मला हसू आवरेना. चुलतसासरे तर मोजे चाचपून म्हणाले, "माझ्या लग्नातले याहून मऊ होते हो." कॅप्टनने तेही लिहून घेतलं. मावशीला उत्साहाचं भरतं आलं. "साहेब, तुम्ही काय परके आहात?" म्हणत तिने शेवटचा जोड त्याच्या हातात कोंबला.

मेझियान पुढे आला तर पेटी रिकामी.

"मला?"

"तुला बायको मिळाली की रे," मावशी म्हणाली.

सोमवारपासून आम्ही बाया ऑलिव्ह वेचायला निघालो त्या पुरुषांकडून परत घेतलेले तेच मोजे एकावर एक दोन-दोन घालून. गावाच्या फाटकावरचे फ्रेंच शिपाई टोपल्या उपसायचे, झग्याखालचे पाय कोण बघतो? मोजे पोरांसाठी झाडांखाली ठेवून संध्याकाळी अनवाणी परत. आठवड्यात सगळे मोजे डोंगरावर गेले, आणि दोनच दिवसांनी बर्फ पडला. मी गावभर ताठ मानेने फिरत होते.

मग एक बाई झग्याखाली कमरेला बांधून एक जोड घेऊन आली. स्वच्छ धुतलेला. सोबत आक्लीचा निरोप: "ताई, लग्नाची गंमत कळली. आमचे दाजी अनवाणी राहिलेले चालायचे नाहीत. माझा जोड त्यांना दे."

त्या सगळ्या लढाईत मी तेव्हा पहिल्यांदा रडले. "गाढव कुठला," म्हणत रडले आणि सुया शोधू लागले. हा जोड परत जाणार होता आणि सोबत आणखी एक. पण घरात लोकरीचा धागा उरला नव्हता.

मेझियानने आईने विणलेला स्वेटर अंगातून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर बर्फ पडत होता.

"बाहीपासून उसव," मी म्हणाले.