साडेसातशे वॅट

चौथा स्क्रू निघाला, ताईने झाकण उचललं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

डब्याच्या तळाशी सिमेंटची वडी चिकटवलेली होती. कपडे धुण्याच्या साबणाएवढी, राखाडी, कडेने गोंद ओघळलेला. जिथे तांब्याची भरगच्च गुंडाळी हवी तिथे अंगठ्याएवढं काहीतरी बसवलेलं. जिथे बिघाड झाला तर वीज तोडणारे भाग हवेत तिथे नुसती भोकं. बाहेरून मात्र चकचकीत लेबल: साडेसातशे वॅट.

"मालक, जरा इकडे या."

मालक चष्मा कपाळावर सरकवत आला, आत डोकावला. "हे काय? दगड घातलाय?"

"सिमेंट. वजनासाठी."

डबा होता कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक यंत्राला सोसेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. पण ते बिनसलं तर बाकी सगळं महागातलं सामान राख. नव्या जोडणीसाठी बसवताना त्याच्या वायरीवरचं आवरण ताईच्या नखाने सरकलं आणि आतली तार केसासारखी निघाली, म्हणून तिने तो उघडला होता. नाहीतर बसवून मोकळी झाली असती.

अठरा वर्षांपूर्वी ती या दुकानात झाडलोट करायला लागली होती. जुना मेकॅनिक डोळ्यांनी अधू होत चालला तेव्हा सोल्डरिंगचे बारीक डाग द्यायला त्याला कुणीतरी हवं होतं. ताईने केरसुणी ठेवून डागणी उचलली ती कायमची. पॉवर सप्लाय कसा निवडायचा हे त्यानेच शिकवलं होतं. लेबल कुणीही छापतं, हातात घेऊन बघ. ज्याच्यात माल असतो तो डबा जड लागतो. अठरा वर्षांत या हिशेबाने तिला एकदाही दगा दिला नव्हता.

"पाच आले होते ना?" मालक म्हणाला. "घाऊक व्यापाऱ्याला परत पाठवून देऊ. उगाच बोभाटा नको."

"चार आहेत," ताई म्हणाली. "पाचवा ट्रकवाल्या काकांकडे गेलाय."

दहा दिवसांपूर्वी काका आले होते. चौतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून हवा म्हणाले, तेव्हा मालक नातवाचं वय विचारायला लागला.

"नातू नाही. मलाच हवाय," काका म्हणाले होते. "ट्रक चालवायचा गेम असतो ना, तो. हिला रस्ते दाखवायचेत."

काकूंचं उजवं अंग वर्षभरापूर्वी गेलं होतं. वाचाही गेली. कळत मात्र सगळं होतं. "आयुष्यभर मी रस्त्यावर आणि ती घरात. एकदा नेतो, एकदा नेतो म्हणत राहिलो. आता पडून पडून तिला छत पाठ झालंय."

सगळं सामान निवडून झालं आणि पॉवर सप्लायपाशी गाडी अडली. काकांनी एक साधा काळा डबा उचलला होता, साडेसहाशे वॅटचा. ताईने तो त्यांच्या एका हातात ठेवला आणि दुसऱ्या हातात हा चकचकीत.

"सांगा, जड कुठला?"

"हा."

"मग हाच घ्या. तुमचं ग्राफिक्स कार्ड तीनशे वॅट ओढणार, प्रोसेसर दीडशे, बाकीचं किडूकमिडूक पन्नास. पाचशे झाले. साडेसहाशेही पुरेल, पण साडेसातशेचा असला की त्याला धाप लागत नाही."

"ट्रकचंही तेच, पोरी. इंजिनात दम असला की घाटात घाम फुटत नाही."

बावन्न वर्षांच्या बाईला कुणी पोरी म्हटलं म्हणून ती दिवसभर खुशीत होती. काकांनी बरोबर निवडलेला डबा तिने स्वतःच्या हाताने फळीवर परत ठेवला होता.

आणि गेल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "रोज दुपारी एक ते चार मी गोदामाच्या गेटवर बसतो. गेममध्ये सोय आहे, गाडी आपली आपणच चालत राहते. ती चालू ठेवून, दाराला कुलूप लावून जातो. हिला एकटं वाटत नाही."

ताईने घड्याळ बघितलं. पावणेतीन. म्हणजे पावणेदोन तास तो डबा पूर्ण ताकदीने चालत होता, बंद घरात, जागचं हलता न येणाऱ्या बाईच्या उशाशी.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा.

"लगेच काही होत नसतं," मालक म्हणाला. "दहा दिवस चाललाच ना?"

"चालला म्हणूनच भीती वाटतेय."

तिने काळा डबा फळीवरून काढला, पिशवीत घालणार तोच थांबली. मग टेबलावर ठेवून त्याचेही चार स्क्रू काढले. आत जे हवं ते सगळं होतं. यात पाच मिनिटं गेली, पण न उघडता नेण्याची छाती आता तिच्यात नव्हती. निघता निघता तिने कटर उचलला आणि उरलेल्या चारही चकचकीत डब्यांच्या वायरी मुळापाशी कापून टाकल्या.

"अगं, परत कसे देणार आता?" मालक ओरडला.

"कुणाला परत? तो दुसऱ्याच्या गळ्यात मारेल."

बिलाच्या प्रतीवर पत्ता होता. बस मिळाली, पण दोन थांबे गेल्यावर रहदारीत रुतून बसली. ताई उभीच होती. तिने पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. तेवढ्यात मागून अग्निशमन दलाची गाडी घंटा बडवत आली. लोकांनी माना वळवून बघितलं आणि पुन्हा आपापल्या फोनमध्ये तोंड घातलं. ताई मात्र खिडकीला नाक लावून बघत राहिली, चौकात ती कुठे वळते. डावीकडे, काकांच्या घराकडे वळली तर संपलंच. गाडी सरळ गेली. बस मात्र हलेना. ती उतरली आणि पिशवी छातीशी धरून पळत सुटली.

इमारत तीन मजल्यांची, काकांचं घर सगळ्यात वर. दाराला कुलूप. आत ट्रकच्या इंजिनाची घरघर चालू होती. तिने फोन लावला, तर तो आतच वाजायला लागला.

मग वास आला. फार नाही. तांब्याच्या गुंडाळीवरच्या तापलेल्या वार्निशचा, किंचित गोडसर. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता.

तिने शेजारचं दार बडवलं. केस पांढरे झालेली एक बाई साखळी न काढता फटीतून बघू लागली.

"काकांच्या घराची किल्ली तुमच्याकडे असते का?"

"तुम्ही कोण?"

"त्यांचा कॉम्प्युटर मी जोडलाय. तो तापलाय. आग लागू शकते. किल्ली द्या, लवकर."

शेजारणीची नजर ताईच्या पिशवीतून डोकावणाऱ्या स्क्रूड्रायव्हरवर गेली. "अशी कशी देऊ? मी तुम्हाला ओळखत नाही. परवाच पलीकडच्या इमारतीत गॅसवाला म्हणून कुणीतरी शिरला आणि कपाट साफ करून गेला. ते येतील तासाभरात, तेव्हा या."

"तासभर थांबायला वेळ नाही हो!"

"ओरडू नका."

ताईने श्वास घेतला. मग पिशवी खाली ठेवली आणि पायाने शेजारणीच्या दाराकडे सरकवली. "ही ठेवा तुमच्याकडे. माझा फोनही ठेवा. कुलूप तुम्हीच उघडा, मी इथून हलत नाही. आत जाऊन फक्त भिंतीवरचं बटण बंद करा. पण आत्ता. काकू आत आहेत."

शेजारीण क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. साखळी निघाली. ती किल्ली घेऊन बाहेर आली; पहिल्या दोन वेळा किल्ली कुलपाच्या बाजूलाच घसरली.

दार उघडलं आणि वास अंगावर आला. "आई गं!" म्हणून शेजारीण उंबऱ्यातच थिजली. "मला नाही जमणार. तुम्हीच जा, तुम्हीच जा!"

खिडकीचे पडदे ओढलेले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उन्हातला लांबच लांब रस्ता पळत होता. पलंगावर काकू, आणि त्यांचे डोळे दाराकडे लागलेले. उशीपाशी काकांनी मागे ठेवलेला फोन. डावा हात त्याच्यावर घट्ट मिटलेला. पलंगापासून हातभर अंतरावर तो कॉम्प्युटर, त्याचा पंखा किंचाळल्यासारखा फिरत होता.

बटण पलंगामागे होतं. ताई काकूंच्या अंगावरून वाकली आणि तिने ते दाबलं. रस्ता विझला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की तिघींचे श्वास ऐकू येऊ लागले.

काकूंच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण प्रश्न होता. फोनकडे बघत, पुन्हा पुन्हा तोच.

शेजारणीला आधी कळलं. ती पलंगाशी बसली. "त्यांना काही झालं नाही हो. ते ठीक आहेत. फोन या बाईंनी केला होता."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना काही झाल्याचं सांगायला कुणीतरी वारंवार फोन करतंय, असं समजून ही बाई तासभर इथे पडून होती. फोन उचलता येत नव्हता, आणि उचलला तरी बोलता येत नव्हतं.

शेजारणीने गोदामात निरोप धाडला. काका धापा टाकत आले तेव्हा ताईने जमिनीवर बसून तो डबा काढला होता. त्यांनी आधी काकूंचा चेहरा बघितला, कपाळावर हात ठेवला. मग ताईकडे वळले.

"काय झालं?"

ताईने झाकण उचलून डबा पुढे केला. सर्किटची पट्टी तपकिरी होऊन करपली होती, वीज साठवणारे दोन कंडेन्सर पोट फुगून वर आले होते, आणि बाजूला सिमेंटची वडी जशीच्या तशी.

"तुम्ही दुसरा निवडला होता," ती म्हणाली. "तो बरोबर होता. हा मी घ्यायला लावला. चूक माझी."

काकांनी त्या वडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ब्रेक नसलेल्या गाडीत बसवलं मी हिला. आणि वर बाहेरून कुलूप घातलं."

ताईने काळा डबा बसवला. एरवी डोळे मिटून लावणाऱ्या वायरी आज तिने तीनतीनदा ओढून बघितल्या. बटण दाबताना काकांनी पलंगाची कड धरली होती. पंखा हलक्याने फिरू लागला. तिने अर्धा तास पूर्ण ताकदीने गाडी पळवायला लावली आणि कॉम्प्युटरच्या मागे नाक लावून बसून राहिली. वास नाही, उष्णता बेताची.

"झालं म्हणायचं?" काकांनी विचारलं. "आता दुपारी चालू ठेवून जायला हरकत नाही ना?"

बिनधास्त ठेवा. हे शब्द तिने किती गिऱ्हाइकांना सांगितले असतील याची गणती नव्हती. ते ओठापर्यंत आले. काकू तिच्याकडेच बघत होत्या, पापणीही न हलवता.

"डबा चांगला आहे," ताई म्हणाली. "उघडून बघून आणलाय. पण नको, काका. घरात कुणी हिंडतं-फिरतं असेल तेव्हाच लावा."

काकूंनी मान भिंतीकडे फिरवली. काकांनी हो म्हटलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज अगदी लहान झाला.

ती पिशवी उचलून निघाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. हातभर अंतर. अर्धा तास उशीर झाला असता तर. बस अडकूनच राहिली असती तर. वायरीचं आवरण सरकलंच नसतं तर.

वरून चपलांचा आवाज आला. शेजारीण पाण्याचा पेला घेऊन उतरली. पेला देऊन ती परत गेली नाही, एक पायरी वर टेकली.

"माझ्याकडे किल्ली आहे ना, त्याचा मला रोज घोर लागतो," ती म्हणाली. "दुपारची झोप येत नाही. भिंतीला कान लावून बसते. आज वास मलाही आला होता. म्हटलं, भास असेल." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि तुम्ही आलात तर साखळी काढेना."

"मीही काढली नसती," ताई म्हणाली.

वर ट्रकचा हॉर्न वाजला, लांबलचक. दोघीही दचकल्या. काका काकूंना घेऊन निघाले होते.

शेजारणीने वर बघितलं. मग म्हणाली, "तो गेम लावतात कसा? दुपारी मी मोकळीच असते. भिंतीच्या अलीकडे बसण्यापेक्षा पलीकडे बसेन."

"सोपं आहे. दाखवते मी."

"पण मला त्या डब्याची भीती वाटते हो."

ताईने पेला रिकामा केला आणि कठड्याला धरून उठली.

"मलाही," ती म्हणाली, आणि दोघी जिना चढू लागल्या.