देवीच्या चित्रामागचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवघरातला नव्हे की आकाशकंदिलातलाही नव्हे. एका राखाडी मोटारीत, चालकाच्या समोर, वेगाच्या काट्याशेजारी बसवलेला मी बोराएवढा लाल दिवा. किल्ली फिरवली की मी पेटतो. इंजिन सुरू होऊन त्याच्या अंगात तेल खेळू लागलं की विझतो. तेलाचा दाब कमी पडला की पुन्हा पेटतो. एवढंच माझं काम. पण खोटं पेटणं मला येत नाही आणि खोटं विझणंही येत नाही. याचा मला ताठा आहे, आणि तो मी लपवत नाही.

सत्तर सालच्या सुमारास आमची मोटार निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडे आली. त्याचा चालक भरमा मला फार मानायचा. एकदा चिकोडीच्या वाटेवर मी पेटलो आणि त्यानं भर उन्हात गाडी बाजूला घेतली. मागं बसलेले मालक कुरकुरू लागले, कारण लग्नाला उशीर होत होता. भरमानं बॉनेट उघडून पाहिलं तर नळी सुटून तेल रस्त्यावर गळत होतं. "मालक, आज ह्यानं इंजिन वाचिवलं," असं म्हणून त्यानं मुंडाशाच्या शेवानं माझ्यावरची धूळ पुसली. ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

पुढं भरमा थकला आणि मालकाचा मुलगा गाडी चालवू लागला. त्याला मी डोळ्यांसमोर नको होतो. मी पेटलो की तो शीळ घालायचा. तेल घालायचं म्हटलं की उद्यावर ढकलायचा. मी घाटात पेटलो, बाजारात पेटलो, सिनेमाच्या थिएटरपुढं पेटलो. कधीतरी हा दिवा कंटाळेल असं त्याला वाटलं असावं. मी कंटाळलो नाही. इंजिनातली बेअरिंगं मात्र झिजली, आणि मग त्यानं गाडी बेळगावातल्या यल्लाप्पाला विकून टाकली.

यल्लाप्पा जुन्या गाड्यांचा दलाल होता. जिभेवर साखर आणि हातात रंगाचा डबा. त्यानं गाडीला नवा रंग दिला, सीटवर शहापुरातून शिवून आणलेल्या खोळी चढवल्या आणि माझी वायर काढून टाकली. पण पहिलंच गिऱ्हाईक हुशार निघालं. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली उतरला. जो दिवा पेटतच नाही त्याचं तोंड कुणीतरी बांधलेलं असतं, असं सांगून तो निघून गेला.

यल्लाप्पानं नाइलाजानं वायर जोडली. आता मी वेळेवर पेटायचो, पण झिजलेल्या बेअरिंगांमुळं इंजिन तापलं की तेलाचा दाब पडायचा आणि मी पुन्हा पेटायचो. दुसरं गिऱ्हाईकही त्यामुळं गेलं. तेव्हा यल्लाप्पाला देवी आठवली. त्यानं यल्लम्माचं तळहाताएवढं चित्र आणलं आणि डिंक लावून बरोबर माझ्यावर चिकटवलं. आता येणारा प्रत्येक जण हात जोडायचा. देवीला हलवणार कोण? मी तिच्यामागं पेटून उठलेला असायचो. मला देवीचा राग नव्हता. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

एक दिवस खानापूरकडच्या खेड्यातून रवळू आणि त्याची आई बायडाबाई आली. रवळू बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत कामाला होता. ही गाडी घेऊन गावातून खानापूरला प्रवासी न्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं. त्या भरवशावर तो नोकरी सोडून मोकळाही झाला होता. जंगलातल्या रस्त्यावर इंजिन जाम होऊन बंद पडलं असतं, तर नोकरीही गेली आणि गाडीही गेली, अशी त्याची गत झाली असती.

यल्लाप्पानं त्यांना लांब फेरी मारून आणली. रवळू खूश झाला. गाडी उभी राहिली, इंजिन चालूच होतं. पुढं बसलेल्या बायडाबाईनं चंचीतून कुंकू काढलं, हात जोडले आणि ती थांबली.

"रवळू, देवी अशी ष्टेरिंगच्या आड का रं बसवलीया? हितं तिला फूल कोन वाहनार?"

देवीला जागेवरून हलवलं तर कोप होतो, असं यल्लाप्पा घाईघाईनं सांगू लागला.

"कोप झाला तर माझ्यावर हुंदे, अण्णा. तिला वर मधी बसवते."

तिनं देवीची क्षमा मागितली आणि नखानं चित्र सोडवलं. मी तिच्या तोंडासमोर लालभडक पेटलेला होतो.

"शोभेचा दिवा हाय तो, आक्का," यल्लाप्पा म्हणाला. माझ्या जन्मात मला एवढा राग कधी आला नव्हता.

बायडाबाईनं हातातलं चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. "शोभेचा असता तर देवीमागं लपिवला नसता."

रवळूचा चेहरा उतरला. बारीकसारीक बिघाड असेल, आपण घेऊन टाकू, असं तो आईला विनवू लागला. तिनं ऐकलं नाही. इंजिन उघडून नीट करून द्यायचं, हा दिवा आपला आपण विझला पाहिजे, असं तिनं यल्लाप्पाला बजावलं. "तंवर मी हितंच बसते, देवीला मांडीवर घिऊन."

आणि ती खरंच दुकानाच्या दारात बसली. येणारं गिऱ्हाईक विचारायचं आणि ती देवीचं चित्र दाखवून सगळी हकीकत सांगायची. यल्लाप्पाच्या जिभेवरची साखर विरघळून गेली. दुसऱ्याच दिवशी गाडी उद्यमबागेतल्या वर्कशॉपात गेली आणि नवी बेअरिंगं बसली. रवळूनं किल्ली फिरवली तेव्हा मी पेटलो. इंजिन सुरू झालं आणि मी विझलो. ते तापलं तरी विझलेलाच राहिलो. विझण्यातही इतका आनंद असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गावात गाडीची पूजा झाली. देवी वर मधोमध बसली. आनंदाच्या भरात रवळू माझ्यावरही कुंकवाचं बोट टेकवणार होता, पण बायडाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"त्येच्यावर नको रं. त्येला बोलू दे."

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा नव्या रंगावर भुलू नका. आधी किल्ली फिरवून माझ्याकडे बघा. मी पेटायला हवं तेव्हा पेटतो का, विझायला हवं तेव्हा विझतो का, तेवढं पाहा. आणि पेटलो तर थांबा. तरीही कुणाला मला झाकायचंच असेल, तर त्यानं खुशाल झाकावं. मी आत पेटलेलाच असेन.