तेराव्या पानावरची ओळ

"तुझ्यात लिहितील, पण तुला वाचणार नाहीत," असं कपाटातल्या जाड रजिस्टरनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मनातल्या मनात हसले. कोरी होते ना मी!

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. २००३ साली संगणकाचं काम आखणाऱ्या रुखसार मॅडमनी मला बल्लारपूरच्या दुकानातून घेतलं आणि भामरागडच्या दवाखान्यात आणलं. बाळांच्या लशींची नोंद तिथं संगणकावर व्हायची होती. पण संगणकानं पडद्यावर काय विचारायचं, कोणता रकाना रिकामा चालेल, हे आधी काम करणाऱ्या माणसांना विचारावं लागतं. मॅडम ते विचारत आणि माझ्यात लिहीत. मांडीवर त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा सैफ असायचा. एका हातानं लेखणी, दुसऱ्या हातानं सारखं त्याचं कपाळ चाचपायचं.

तेरावं पान सुगंधाबाईंचं. त्या इथल्या नर्स. वीस वर्षं पायी गावं फिरलेल्या.

"मॅडम, नावाचा रकाना सक्तीचा नका करू," त्या म्हणाल्या. "इथी पोराचं नाव लगेच नाई ठेवत. आजी पाह्यते, घरातलं कोन मेलेलं मानूस पोराच्या रूपानं वापस आलं ते. मंग नाव. कधी तीन महिने लागते."

मग नोंद कशी करायची, असं मॅडमनी विचारलं.

"मायचं नाव ल्याहा ना. माय कुठी पळून जाते? तुमच्या मशीनले घाई असन, आमच्या म्हातारीले नाई."

दोघी हसल्या. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

पंधरवड्यानं गडचिरोलीला बैठक झाली. जिल्ह्याचे अहवाल पाहणाऱ्या गुणवंतराव साहेबांना एकही रकाना रिकामा नको होता. अहवाल अर्धवट दिसतो म्हणे. मॅडम काही सांगू लागल्या, तेवढ्यात सैफ रडायला लागला आणि परतीच्या बसची वेळ झाली. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि सुगंधाबाईंची ती ओळ खोडली. साहेबांनी खोडली असती तर मला इतकं लागलं नसतं. जिनं लिहिलं, तिनंच खोडलं.

संगणक आला. प्रिंटर डगमगत होता, म्हणून मला त्याच्या पायाखाली घातलं. सुगंधाबाईंची बदली झाली. लस आता संगणकानं छापलेल्या यादीत नाव असेल त्यालाच मिळू लागली.

एका लशीच्या दिवशी लालसू नावाचा माणूस नदीपलीकडून आपली दोन महिन्यांची मुलगी घेऊन आला. त्याच्या शेजारच्या गावात डांग्या खोकला पसरला होता. यादी पाहणारा प्रवीण तसा वाईट नव्हता. त्यानं नोंद करायला घेतली, पण पडदा एकच सांगत राहिला : नाव भरा.

"यादीत नाई भाऊ. कायतरी नाव सांग, मी भरतो."

"खोटं कसं सांगू? तिची आजी अजून बोलली नाई," लालसू म्हणाला. "यादीत नाई म्हन्ता, पोरगी तर हातात हाये."

लस चार पावलांवर डब्यात होती. आणि तिला लस मिळावी म्हणून काय करायचं, ते माझ्या पोटात होतं. पण वही ओरडू शकत नाही.

नाव ठेवलं की ये, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्याच आठवड्यात नदीनं रस्ता बुडवला. नंतर तो आलेला मी पाहिला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी असे रकाने आखाल. जिला विचारून एखादी ओळ लिहिली, तिला न विचारता ती खोडू नका. ती ओळ कुणाच्या तरी लेकराची असते.

आणि एक काम करा. कुणी भामरागडकडे गेलात, तर नदी ओलांडून लालसूचं घर शोधा. त्याची मुलगी कशी आहे ते बघा. दारातून विचारून परतू नका. तिला डोळ्यांनी पाहून या.