आधी चिठ्ठ्या, मग माणसे

माणूस खुर्चीत बसलेला असतो, त्याचे हात कामही करीत असतात, आणि तरीही तो तिथे नसतो. ही गोष्ट आपल्या कचेऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिची कोणाला शिसारीसुद्धा येत नाही. वाचकहो, ती यायला हवी.

एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात एक तंत्रज्ञ होता. सुई टोचल्याचे कळूही नये इतका त्याचा हात हलका. म्हणून सगळे त्याला ‘मोरपीस’ म्हणत. नियम असा होता, की रुग्णाला नाव विचारावे, रक्त घ्यावे आणि त्याच्या समोरच नळीवर चिठ्ठी लावावी. मोरपीस मात्र वॉर्डात जाण्यापूर्वीच रिकाम्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवून ठेवी. “वेळ वाचतो,” असे तो म्हणे. आणि इतरही तसेच करीत असल्यामुळे ही लबाडी पद्धत म्हणून खपून गेली होती.

एके दिवशी सकाळी थोरल्या भावाने त्याच्याच बायकोदेखत त्याला सुनावले होते, “तुला घरात विचारतंय कोण?” तेव्हा त्याला उत्तर सुचले नाही. वॉर्डात शिरल्यापासून मात्र एकाहून एक जहाल उत्तरे सुचू लागली. खाटेमागून खाट तो रक्त घेत होता आणि मनात भावाला चीत करीत होता.

दहाच्या सुमारास विभागप्रमुख बाईंनी त्याला टेबलापाशी बोलावले.

“सहा नंबरच्या खाटेचा रक्तगट काय आला?”

“ओ.”

“आणि हा त्यांचा मागच्या ऑपरेशनचा कागद. वाच.”

“बी.” त्याने कागद घाईघाईने परत ठेवला. “मशीन बिघडलं असेल, बाई.”

“मी दुसऱ्यांदा लावून पाहिलं. मशीन ठणठणीत आहे. तू कुठे होतास?”

“वॉर्डातच होतो की!”

“वॉर्डात तुझा डगला होता. पाच नंबरचा गट काय आलाय?”

“बी...” आणि तो थांबला. नळ्यांची अदलाबदल झाली होती! पाच नंबरच्या बाईंचे दुपारी ऑपरेशन होते. त्यांचा जुना कागदच नव्हता. शेजारणीचा कागद सापडला नसता, तर ‘ओ’ गटाच्या त्या बाईंच्या अंगात ‘बी’ गटाचे रक्त गेले असते!

“सगळेच आधी चिठ्ठ्या लावतात,” तो पुटपुटला. “आणि सकाळी भावाशी वाजलं होतं. डोक्यातून जाईना.”

“जाणार नाहीच. मी कुठे म्हणते घालव? भाऊ डोक्यात असू दे. तू मात्र खाटेपाशी असायला हवास.” बाईंनी त्याच्या हातात एक रिकामी नळी ठेवली. “टाचा जमिनीला टेकव. टेकल्या? आता नळी किती गार आहे ते बोटांना कळू दे. समोर दिसतात त्या तीन वस्तूंची नावं घे.”

“बाई, हे काय बालवाडीसारखं...”

“बालवाडीतली मुलं हजेरीला ‘हजर’ तरी म्हणतात! घे नावं.”

“घड्याळ. बेसिन. तुमचा चष्मा.”

“कानावर काय पडतंय?”

“नळ ठिबकतोय.” त्याने बेसिनकडे वळून पाहिले. “कधीपासून?”

“महिना झाला. श्वास सावकाश सोड, आणि जा. दोघींचं रक्त पुन्हा घे. चिठ्ठ्या सुट्याच नेशील, डकवून नाही.”

वॉर्डाच्या दारात तो खिळून उभा राहिला. खाटांवरचे आकडे कधीच झिजून गेले होते. खिडकीशी दोन बाया होत्या. दोन तासांपूर्वी त्याने दोघींचे दंड बांधले होते, शिरा चाचपल्या होत्या; आणि आता कोण कोणती, हे त्याला सांगता येईना! एकही चेहरा त्याने पाहिला नव्हता. त्याला स्वतःच्या त्या हलक्या हातांची किळस आली. दुसऱ्याचे खरकटे बोटांना चिकटावे तशी.

तो जवळच्या खाटेपाशी गेला आणि त्याने टाचा टेकवल्या. खाटेची गार दांडी धरली. पांढरी वेणी, स्टीलचा पेला, कोपराच्या खोबणीत सकाळचा कापूस.

“आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता?”

तिने सांगितले. त्याने ते ऐकले आणि चिठ्ठीशी ताडून पाहिले. ती पाच नंबरची होती.

“पुन्हा टोचणार? सकाळचं काय, पिऊन टाकलंत?”

“माझी चूक झाली, आजी. नळ्या बदलल्या. माझं लक्ष नव्हतं.”

म्हातारीने त्याला निरखले. “सकाळी तुम्हीच होतात होय? मला वाटलं, दुसरंच कोणी.”

“दुसरंच होतं,” तो म्हणाला. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याने नळीवर चिठ्ठी लावली. मग शेजारच्या खाटेकडे वळून पुन्हा नाव विचारले.

दुपारी त्या म्हातारीला तिच्याच गटाचे रक्त मिळाले. आगाऊ चिठ्ठ्यांची पद्धत त्या विभागातून त्याच दिवशी हद्दपार झाली.

आपण ज्या क्षणी गैरहजर असतो, त्या क्षणी आपल्या हाताखाली दुसऱ्याचा दंड असतो. टाचा जमिनीला टेकवणे ही चैन नव्हे, बंधूंनो. ते कर्तव्य आहे.