जागलीची घडी

झोप ही अखिल मानवजातीची समाईक संपत्ती असून तिच्यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही, असे प्रमुख पाहुण्यांनी वर्ध्याच्या सभागृहात जाहीर केले. त्या वेळी पहिल्या रांगेतले चार मान्यवर आपापला वाटा उचलत होते. ते जागे झाल्यावर आदिवासी वस्त्यांतल्या लोकांची झोप मोजायचे ठरले.

मोजणीचे एक मनगटी घड्याळ आर्वीपलीकडच्या गोंडटोलीत लहानू उईके यांच्या वाट्याला आले. त्यांच्या पत्नी सीताबाई चार महिन्यांपूर्वी वारल्या. तेव्हापासून घरात ते एकटेच. आठ दिवस घड्याळ घालायचे, आणि मोजणीच्या कामावरची पिपरी मेघेची रक्षा रोज सकाळी सहाला फोन करून विचारणार, "काकाजी, झोप झाली का?"

लहानू म्हणत, "नाई."

मग ती विचारी, काऊन नाई. लहानू कधी डुकरं सांगत, कधी मच्छर, कधी गुडघा. जे सुचेल ते, पण बोलणे लांबवत. एरवी त्यांना फोन यायचा तो मोबाईल कंपनीच्या बाईचा. ती दुसऱ्याचे ऐकून घेत नसे.

नवव्या दिवशी दुपारी रक्षा स्वतःच टोलीत आली. हातात घड्याळाने पाठवलेल्या नोंदींचा कागद.

"काकाजी, तुम्ही खोटं बोलून राह्यले. घड्याळ म्हणते, रोज साडेआठ तास. जिल्ह्यात तुमच्याइतकं कोणी झोपत नाई. तुमचं नाव काटतो आम्ही. फोनही बंद."

लहानूंचा चेहरा उतरला. "घडी मी कुठं घातली," ते म्हणाले.

झाले होते असे. रानडुकरांपायी टोलीत रोज एका घराची जागल असते. रात्रभर मचाणावर बसायचे, डबा वाजवायचा. डबा आणि बॅटरी ज्याची पाळी त्याच्या हाती जाते, ही बॅटरीचा शोध लागल्यापासूनची रीत. घड्याळ अंधारात चमकते, म्हणजे तेही जागलीचेच सामान, असे टोलीने एकमताने ठरवले होते.

शेजारचे चंद्रभान पुढे झाले. "परवा माह्यापाशी होती घडी."

"अन् तुम्ही जागलीवर झोपले?"

"लहानूभाऊ जागा असते ना."

"यांची पाळी असते का रोज?"

"पाळी नवव्या दिवशी. पण थो रोजच येते. म्हणते, घरात आवाज नाई. वर चढून डबा वाजवत बसते. मंग आपण काऊन जागाव? अशी झोप मले लग्नाआधीबी लागत नोती."

रक्षाने कागदाकडे पाहिले. आठ रात्री, आठ माणसे, सगळी ताजीतवानी.

"काकाजी, आमच्या पत्रकात लिहून आहे. अंधार करा, शांत ठेवा, एकटं पडून राहा."

"तेच करून पाह्यलं ना माय. मंगच मचाणावर गेलतो."

रक्षाने पेनाने कागदावर एक लांब फुली मारली.

"सगळी माहिती बाद. आता पुन्हा आठ दिवस. घडी कोणाले द्यायची नाई. फोनही पुन्हा रोज."

लहानूंनी ताबडतोब मनगट पुढे केले. कालच्या पाळीवाल्याकडून घड्याळ आणून रक्षाने पट्टा बसवला. चंद्रभान घराकडे वळल्यावर लहानू हळूच म्हणाले,

"मॅडम, एक होते. उजाडलं का मी खाली उतरतो. सहाले कुठं डोळा लागते, अन् तेवढ्यात तुम्ही इचारता, झोप झाली का. बंद नोका करू. साडेसहाले करजा."